केटिलची कोंडी

नाही, कोट नको काढूस. वडील गेले हे सांगायला हूसाविकहून गाडी हाणत आलीस, सांगून झालं, मी ऐकलं — फोन केला असतास तरी चाललं असतं. बरं, बस. टेबलावर कोपर नको टेकूस, पट हलेल. हो, हाच तो. तुझ्या बापाचा नि माझा, पोस्टकार्डावरचा बुद्धिबळाचा डाव — एक कार्ड तिकडून, एक इकडून, सहा वर्षं चाललाय. काळ्या सोंगट्या केटिलच्या. बघ, काय दशा करून घेतलीय.

तुला येतं खेळता? त्यानं शिकवलं असेल, म्हणजे येत नाही असंच धरतो. त्याला एकच ठाऊक — दिसला राजा की धावून जायचं, मागचापुढचा विचार नाही. रेक्याविकच्या स्पर्धेत मला बावीस चालींत हरवलं त्यानं, आमच्या बोलुंगारविकची सगळी माणसं बघत असताना, घोडा फुकट देऊन — आणि वर हसत हात पुढं केला. मी नाही घेतला. का घ्यावा? तो काय खेळ होता? दारुड्याची धडक नुसती. घरी आलो नि पहिलं कार्ड टाकलं, म्हटलं हिंमत असेल तर असं खेळ, जिथं डोकं लागतं.

आता हे बघ. माझी प्यादी कुठवर आलीत? पार त्याच्या अंगणात. त्याला उरल्या मागच्या तीन रांगा, त्यात सगळं बिऱ्हाड — हत्तीला हत्ती अडतोय, उंट आपल्याच प्याद्यांमागं कुजतोय. ह्याला म्हणतात जागा. जागा आपल्याकडं असली की घाई करायची नसते, मारामारी तर मुळीच नाही — सोंगट्या कमी झाल्या की कोंडलेल्याला श्वास मिळतो, तो का द्यायचा? आज हत्ती इकडं, पुढच्या कार्डाला परत तिकडं. समोरचा आपोआप घुसमटतो. एवढं साधं, पण तुझ्या बापाच्या टाळक्यात चाळीस वर्षं खेळूनही शिरलं नाही.

आणि नुसती चाल लिहावी ना माणसानं? नाही, खाली दोन ओळी खरडायच्याच. बर्फ किती पडला, कंबर कशी धरली. मला काय त्याचं? मी वाचायचोसुद्धा नाही. तुझ्या आईला बटाटे काढताना भोवळ आली, तू नवऱ्याला सोडून ओस्लोहून परत आलीस, मागच्या खोलीला रंग दिलास, पिवळा — पिवळाच ना? — असलं काहीबाही. मी फक्त चाल लिहायचो. बायको गेली, आमची सिग्नी, तेव्हाही चालच लिहिली. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, पण त्या खेपेला त्याच्या कार्डावर चालच नव्हती. लिहिलं होतं, तुझं घड्याळ थांबवलंय, सावकाश खेळ. मूर्ख माणूस — कार्डाच्या डावात घड्याळ असतंय कुठं? तीन महिने थांबला तसाच.

काय? माझा घोडा? हात लावू नकोस, बोटानं दाखव. इथं — घोडा द्यायचा, प्यादं फुटलं की वजीर आत, मागून हत्ती... हं. चार चालींत मात. म्हणजे येतं तुला. बापावर गेलीस.

दिसलं होतं मला. आंधळा वाटलो का? ईस्टरलाच दिसलं होतं. हो, हत्ती इकडं, हत्ती तिकडं, ईस्टरपासून तेच, अकरा कार्डं. कोंडी पिकू द्यावी लागते — बरं, पिकली होती, मग? मात दिली की डाव संपतो, एवढंही कळत नाही तुला?

त्यालाही दिसलं होतं? कुणी सांगितलं? कधी म्हणाला असं? "स्टेनग्रिमूर मात देत नाहीये, बरं चाललंय." माझ्याबद्दल असंच म्हणाला? हसत?

हं.

शवपेटीला खांदा? मी? त्यानं तसं लिहून ठेवलंय म्हणे. सहा धड माणसं मिळत नाहीत का तुमच्या हूसाविकात? नाही. नीघ आता, बोगद्यापलीकडं रस्ता निसरडा असतो.

नीघ म्हटलं ना. माझी चाल आहे.