मुठीची परवानगी

सत्यशीला ग्रामसेविका होती. वर्गणी गोळा करण्याआधी परवानगी घेण्याचा नियम ती उद्या आपल्या गावच्या ग्रामसभेत मांडणार होती. वडवणीच्या स्टँडवर परळीच्या गाडीची वाट बघताना मागच्या बाकावरचं बोलणं तिच्या कानावर आलं. एक बाई वयस्क होती, दुसरी तरणी.

"रुक्मिणकाकू, तुमी घरोघर जवारी मागताव म्हणं?"

"मागते की. शेजारच्या केशरचा नवरा उसाची मोळी अंगावर पडून जायबंदी झालाय. लेकरं काय खातेल?"

"पर परवानगी काढली का? नेम झालाय गावात."

"तो नेम बबनरावापायी झाला. देवळाच्या नावानं पैसा उचलला त्यानं, अन् देऊळ हाय तसंच हाय."

"नेम समद्यांला सारखाच."

"मग त्याला कुणी अडवलं का?"

"त्यानं परवानगी काढलीया."

"काढंलच! सरपंच त्याचा मेव्हणा. पैशाला नेम लावा की, मूठभर जवारीला कावून?"

"मला काय म्हाईत?"

"तुला कुणी धाडलंय, सुनिता?"

"कुणी न्हाई. सहज इचारलं."

"सहज? परवा बबनरावाच्या ओसरीवर बसलीवतीस."

सत्यशीलाला राहवलं नाही. ती मागं वळली.

"मावशी, तुमच्या गावात धान्यालाही परवानगी लागते?"

"कावून? तुमी कोन?"

"मी ग्रामसेविका आहे. दुसऱ्या गावची."

सुनिता सरकून रुक्मिणीबाईला खेटून बसली.

"कसलं धान्य, म्याडम? काकूला दवाखान्यात न्यायलेय मी."

"व्हय," रुक्मिणीबाई म्हणाली, "गुडघा लई दुखतोय."