रिकाम्या खुर्च्यांवर बसवलेले पाहुणे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या फोटो स्टुडिओचे मालक, छायाचित्रकार संघटनेचं काम बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या रिटचिंगच्या ताई, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधूंनो आणि भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मालकांनाही पाचच होती, ते एकोणीस मिनिटं बोलले. तेव्हा मी दहा घेतली तर कुणी घड्याळाकडे बघू नये.

आतापर्यंत चार वक्ते झाले. चौघांनीही ताईंना 'आपल्या कुटुंबातल्या' म्हटलं. अल्बम विभागाच्या प्रमुखांचा तर आवाज भरून आला. मी पहिल्या रांगेत होते, नीट पाहिलं. डोळे कोरडे होते. असो. चांगलं बोलले.

प्रमुख पाहुण्यांना आमच्या ताई काय काम करतात ते माहीत असेलच, पण त्यांच्यासोबत घरची मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. फोटोतले डाग, मुरुम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मागे उभा असलेला नको तो माणूस, हे सगळं ताई काढून टाकतात. तेवीस वर्षं. आधी बारीक कुंचल्याने, मग संगणकावर. या गावातल्या किती नवऱ्या मुलींना त्यांनी गोरं केलंय आणि किती नवऱ्या मुलांना केस दिलेत, त्याची गणती नाही. आमच्या दुकानाचा एक नियम आहे, मालक अभिमानाने सांगतात: हात फिरवल्याशिवाय एकही फोटो काउंटरवर जायचा नाही. काउंटर माझ्याकडे आहे. नियम पाळला जातो याची साक्ष मी देते.

तर तीन वर्षांपूर्वी नवीन प्रिंटिंग मशीन आलं आणि ते बसवायला परदेशातून एक तंत्रज्ञ आले. वय बावन्न, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, डाव्या भुवईवर जखमेचा मोठा वण. कामापुरते चार शब्द यायचे. सगळे ताईंना 'ताई' म्हणतात म्हणून तेही म्हणायला लागले. त्यांना वाटलं तेच नाव. तीन आठवड्यांनी कुणीतरी अर्थ सांगितला तेव्हा तो मोठा माणूस कानापर्यंत लाल झाला. पण मशीन बसलं तरी ते येतच राहिले. कंपनीने परत बोलावलं की जायचे, आणि मशीनची काळजी वाटते असं सांगून पुन्हा यायचे. एवढी काळजी घेतलेलं मशीन मी दुसरं पाहिलं नाही.

मग दोघांनी लग्न करायचं ठरवलं. ताई तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना तोंडाने आमंत्रण दिलं. त्या वेळची उत्तरं माझ्या कानात आहेत. 'अगं बाई, खरंच?' 'बघते हं, सासूबाईंचं कसं काय ते.' 'भावोजींना आमचं जेवण तिखट लागेल!' आणि एकाने तर विचारलं, 'ताई, आधी पासपोर्ट आला की आधी प्रेम?' सगळे हसले. ताईही हसल्या. त्यांना हसायची सवय आहे. आपल्यालाच कधी कळलं नाही की ती सवय आहे.

लग्नाला किती जण गेले? प्रमुख पाहुणे, या सभागृहात आज मला साठ-सत्तर डोकी दिसतायत. नोंदणी कार्यालयाच्या शेजारच्या त्या छोट्या हॉलमध्ये अकरा होती, त्यात वर-वधू धरून. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. ताईंच्या सख्ख्या भावाला त्या दिवशी कंबरदुखी होती. कंबर आता बरी आहे, मागच्या रांगेत व्यवस्थित बसलेत.

फोटो मात्र आपल्याच दुकानाने काढले. मालकांची भेट म्हणून. आणि मालकांनी सांगितलं, घरचं कार्य आहे, अल्बम असा करा की बघत राहावं. ताई रजेवर होत्या, म्हणून अल्बम विभागाने हात फिरवला. फिरवला म्हणजे काय केलं? वधूचे पांढरे केस काळे केले. वराच्या भुवईवरचा वण काढून टाकला. मालक म्हणाले, 'नवरदेव आहे तो, खुणा कसल्या ठेवता?' आणि एकोणतीस रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसेनात, म्हणून दुसऱ्या एका लग्नातले पाहुणे उचलून त्यांच्यावर बसवले. कमी पडले तेव्हा काहींना दोनदा बसवलं. हिरव्या साडीतल्या एक बाई तिसऱ्या रांगेतही आहेत आणि पाचव्या रांगेतही आहेत. दोन्हीकडे जांभई देतायत.

लग्नाचे दुसरे फोटोच नव्हते, म्हणून हाच अल्बम ताईंनी व्हिसाच्या अर्जाला जोडला.

परदेशी माणसाशी लग्न केलं की त्याच्या घरी राहायला जाण्यासाठी बायकोला अर्ज करावा लागतो, आणि लग्न खरं आहे हे परक्या लोकांपुढे सिद्ध करावं लागतं. केवढी थोर कल्पना आहे! ज्या साहेबाने आयुष्यात आपल्या बायकोला चष्म्याचा नंबर विचारला नसेल, तो काचेपलीकडे बसून विचारतो, तुमचे पती जेवताना ताटात काय बाजूला काढतात? पहिल्यांदा भांडलात कशावरून? नमुन्यात लिहा, शब्दमर्यादा शंभर. माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. यांना तो अर्ज दिला असता तर पहिल्या पानावर नापास झाले असते. आज ते घरी आहेत म्हणून बोलते.

मुलाखतीत त्या साहेबाने अल्बम उघडला. वराच्या पासपोर्टवर खूण लिहिलेली, भुवईवर वण. फोटोत वण नाही. साहेबाने हिरव्या साडीवर बोट ठेवलं. 'या कोण?'

ताई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, 'माहीत नाही.'

'तुमच्या लग्नात आहेत, दोनदा आहेत, आणि माहीत नाही?'

'या आमच्या दुकानातल्या दुसऱ्या लग्नातल्या आहेत. रंग जुळवताना जरा घाई झालीय.'

रंग जुळवताना! तिथेही कामातली चूक त्यांनी स्वतःहून दाखवली. साहेबाने लिहून घेतलं. सव्वा महिन्याने पत्र आलं: पुराव्यात फेरफार, विवाह संशयास्पद, अर्ज नामंजूर. पुन्हा एकदाच अर्ज करता येईल. तोही नामंजूर झाला तर पुढची दहा वर्षं नाव काढायचं नाही. तोवर त्यांच्या यजमानांची कंपनीची मुदत संपून ते परत गेले होते. म्हणजे दुसरं पत्र तसंच आलं असतं तर नवराबायकोचा संसार ताईंच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

मूळ फोटो द्या, असं ताई मालकांना म्हणाल्या. आता आमच्या दुकानाचा दुसरा नियम ऐका: अल्बम गेला की तीस दिवसांनी मूळ फोटो पुसायचे. जागा अडते म्हणून. मालक म्हणाले, 'घरच्यांना वेगळा नियम लावला तर शिस्त कशी राहणार?' अध्यक्ष महोदय, शिस्त राहिली. अभिनंदन.

आता मी ज्यांचे आभार मानायला उभी राहिले आहे, त्यांच्याकडे येते. माझे सहकारी. खाली बघू नका, मी चांगलंच सांगणार आहे.

आपल्या दुकानात मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्याचं नाव 'कागदी लग्न'. प्रमुख पाहुण्यांनी दचकू नये. त्यात सव्वीस जण आहेत. ताई आणि मालक सोडून बहुतेक सगळे. मलाही कुणीतरी घातलं होतं आणि मी बाहेर पडले नव्हते. दोन वर्षं या ग्रुपने ताईंवर जी नजर ठेवली, ती सख्ख्या आईनेसुद्धा ठेवली नसती. तारीख, वेळ, फोटो, सगळं. 'आज पण आलाय, गेटवर उभा, सव्वा सहा.' 'दोघं बाजारात बादली घेतायत, पाऊण तास, एक बादली!' 'ही दवाखान्यात, तो बाहेर दोन तास. हातात तिची चप्पल.' 'काल भांडण झालं वाटतं, ही रडून आलीय.' 'मिटलं. डबा एकच आणलाय.' आणि लग्नाच्या दिवशी ज्यांना सासूबाईंचं बघायचं होतं त्यांतल्या तिघी हॉलच्या दारापर्यंत आल्या होत्या. आत आल्या नाहीत, दारातून फोटो काढले. पांढऱ्या केसांची वधू, वण असलेला नवरा आणि एकोणतीस रिकाम्या खुर्च्या. खाली लिहिलं: 'बघा गर्दी!' आणि हसरे चेहरे.

हात न फिरवलेले लग्नाचे फोटो जगात तेवढेच उरले होते.

मी तो ग्रुप पहिल्यापासून शेवटपर्यंत छापून काढला. दोनशे बारा पानं. आपल्याच नवीन मशीनवर. कुणाची परवानगी घेतली नाही; तुम्ही त्या दोघांची घेतली होती का? दुसऱ्या अर्जाला जोडायच्या प्रत्येक पानावर कोण, कुठे, कधी, याची टीप लिहून द्यावी लागते. ताई चार दिवस माझ्या काउंटरच्या मागे बसून टिपा लिहीत होत्या. त्यांनी सगळं वाचलं. सगळं म्हणजे सगळं. ज्याने जे लिहिलं त्याच्या पुढे त्यांनी फक्त लिहिलं, 'सहकारी.'

दुसऱ्या मुलाखतीला साहेबाने दीड तास पानं उलटली. मग म्हणाला, 'हे लोक तुमचा फार द्वेष करतात.' ताई म्हणाल्या, 'नाही हो. त्यांना दुसरं काम नसतं.' एकवीस दिवसांत व्हिसा आला. खोटं लग्न लावून द्यायला माणसं मिळतात, खोटे पाहुणे आपणच पुरवतो. पण सव्वीस जण दोन वर्षं विनावेतन एवढ्या क्षुद्रपणे खरं लिहीत बसतील, असा पुरावा कुठल्याही वकिलाला जमवता आला नसता. तेव्हा तुमचे मनापासून आभार. तुमच्यातल्या कुणी एक दिवस जरी मोठं मन दाखवून गप्प बसलं असतं, तर पुरावा तेवढा कमी पडला असता.

एक राहिलं. एकशे चाळीसाव्या पानावर एक वाक्य आहे: 'या वयात नवरा मिळत नाही, तिकीट मिळतं.' त्याला ग्रुपमध्ये सगळ्यांत जास्त हसरे चेहरे मिळाले. ते वाक्य माझं आहे. दोन वर्षांत मी एकदाच लिहिलं, आणि मी स्वतःला इतरांपेक्षा वेगळी समजत होते, कारण बाकीच्या वेळी फक्त वाचत होते. बी.ए.ला मला भाषेत बक्षीस होतं. ते असं कामी आलं.

ताई त्या पानावर आल्या तेव्हा मी शेजारीच होते. त्यांची लेखणी थांबली. मी म्हटलं, 'एवढं एक पान काढून टाकू का?' त्या म्हणाल्या, 'नको मॅडम. काही काढायचं नाही आता.' आणि त्यांनी पुढे लिहिलं, 'सहकारी.'

भाषणाच्या शेवटी काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा मागायची रीत आहे. या सभागृहाची क्षमा मी मागत नाही. सभागृहाने आपली आपण बघावी. ताई, तुमची मागते. काल काउंटरवर मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, 'तिकडे पोचले की विचार करून कळवते.' बरोबर बोललात. परवाचं विमान आहे, सामान बांधायचं सोडून आमच्यासाठी घाई करू नका. आणि नाही द्यावीशी वाटली, तर तसं स्पष्ट लिहा. चारचौघांत मागितली म्हणून द्यायची, असं करू नका.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत. काही जणांना उठून जाता आलं नाही, त्यांचेही आभार. मी थांबते.