तोंड धुऊन या म्हणं!

…आन् मला म्हणतंय, 'ओळख पटली नाही'! मला! अहो, ह्या कंपनीचं पत्रं ठोकलं तवापास्नं मी अनसाबाई हितं मेथीच्या जुड्या बांधते, कासुर्डीतनं पहिली एसटी धरते, आन् फाटकावरचं ते तोंड बघून हजेरी लावणारं हातभर मशीन गोड आवाजात मलाच हाकलतंय! तुम्हाला सांगते, सासूनंबी कवा इतक्या गोडीत घराबाहेर काढलं न्हाई!

झालं काय, त्या दिशी चंपाषष्ठी. आम्ही धनगर, खंडोबाची माणसं. तांबडं फुटायच्या आत तळी उचलली, येळकोट केला, आन् कपाळभर भंडारा लावून निघाले कामावर. बाकीच्या बायांनीबी लावलावता, पर भ्याल्या, यवतच्या स्टँडवर नळाला धुऊन आल्या. मी न्हाई धुतला. सणाच्या दिशी देवाचा भंडारा गटारीत? आं?

सुपरवायझर सम्राट पळत आला. "अनसामावशी, तोंड धुऊन या. मशीन चुकत न्हाई! आज हजेरी न्हाई लागली तर सिस्टीम नाव उडवतीय, माझ्या हातात कायबी न्हाई."

आधी फाटकावर भारतआप्पा बसायचे. 'आप्पा, एसटी चुकली' म्हटलं की आधी शिव्या द्यायचे, मग हजेरी लावायचे. शिव्या द्यायला का हुईना, माणूस होता! मशीन आलं, आप्पा घरी गेले. आता भांडायचं कुणाशी, काचंशी? आन् साहेबाची गाडी आली की दांडा आपोआप वर! गाडी ओळखतंय, बाई ओळखत न्हाई… आन् वर म्हणं, मशीन चुकत न्हाई!

मी म्हटलं, सम्राट, तोंड माझं हाय. मी न्हाई धुवायची. मशीनला डोळं धुवायला सांग! आन् बसले फाटकातच फतकल मारून. मनात हिशेब चालूच हुता, खोटं कशाला बोलू? नाव उडालं तर दुसरं काम कुठं हाय?

तर मागनं ताईबाई, जिनं जल्मात कवा आवाज चढवला न्हाई ती म्हणती कशी, "अनसा, पिशवीत भंडारा हाय का गं? लाव मला." मग सखूबाई. मग सगळी लाइन! मशीन आपलं चालूच… 'ओळख पटली नाही… ओळख पटली नाही…' आत मेथी मान टाकतीय, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, सम्राट इंजिनीअरला फोन लावतोय. तो म्हणतो, सोमवारी येतो!

एवढ्यात साहेब आले. "व्हॉट इज धिस? मशीन चुकत नाही!"

म्हटलं, साहेब, मशीन ऱ्हाऊ द्या. तुम्ही सांगा, मी कोण?

साहेबाला मेथीचा भाव तोंडपाठ, पर एवढ्या बायांत एकीचं नाव येईना. लई राग आला मला, डोळ्याला पाणी आलं रागानं. पर सणाचा दिवस. म्हटलं, घ्या साहेब, तुम्हीबी लावा. देवाचं, नको कसं म्हणत्याल? चांगला मळवट भरला, सम्राटलाबी सोडलं न्हाई! साहेब तसेच तणतणत शेजारच्या केबिनकडं गेले, आन् दारावरचं मशीन म्हणतंय, 'ओळख पटली नाही'!

आता गंमत ऐका. आम्ही सकाळधरनं उन्हात, तवा सोमवार. साहेबाचं दार अडलं, आन् इंजिनीअर लगोलग फोनवर हजर! "सगळ्यांचे फोटो नव्यानं घ्या, आत्ताच्या आत्ता!" घेतले. सगळ्या आत! एकीचंबी नाव उडालं न्हाई!

दुसऱ्या दिशी अंघोळ करून, चकचकीत तोंडानं गेले… 'ओळख पटली नाही'!

आता बोला! त्याला पिवळीच तोंडं ठावी! तवापास्नं रोज सकाळी भंडाऱ्याची पिशवी घेऊन मी फाटकात उभी. बाया लाइनीत, सम्राट लाइनीत, आन् साहेबबी मान वाकवून माझ्यापुढं. इंजिनीअर? सोमवारी येणार म्हणं… कंच्या, ते इचारू नका.

आन् मी कपाळाला बोट लावलं की साहेब रोज इचारतेत, "मावशी, तुमचं नाव काय म्हणालात?"

मी म्हणते, मशीनला इचारा, साहेब. ते चुकत न्हाई!