मामेबहिणीचा प्रीमियर

आमच्या मामांचं ऐका. मूळचे पाचोडचे, राहतात बजाजनगरात. कुठंतरी त्यांनी प्रीमियर हा शब्द ऐकला. त्याचा अर्थ पहिल्यांदा दाखवणं, एवढं त्यांना कळलं आणि शब्द लई आवडला. त्यांच्या शुभांगीला बघायला पाहुणे येणार होते, तर मामांनी मोबाइलवर कळवलं, ‘रविवारी आमच्या शुभांगीचा प्रीमियर आहे. सहकुटुंब यावं.’

पाहुणे आले ते तोंडं पाडूनच. पोह्यांना कुणी हात लावला नाय. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “मुलगी सिनेमात काम करते, हे आधी का नाही सांगितलं?”

मामा गारच पडले. “सिनेमात? अहो, ती बँकेत आहे. पहिल्यांदा दाखवतोय, म्हणून तसं लिहिलं.”

सगळे हसायला लागले. शुभांगी चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “आप्पा, प्रीमियर म्हणजे पहिला खेळ. पुढचे खेळ किती जणांसमोर करायचेत?”

मामांचा चेहरा पांढराफटक. ती आत निघून गेली.

त्या घरात पुन्हा असा कार्यक्रम झाला नाय. पुढं शुभांगीनं स्वतःच मुलगा पसंत केला. मामांना त्याच्या घरी नेऊन म्हणाली, “घ्या आप्पा, नीट बघून घ्या.”