अठरावं चित्र

हॅलो?… कोण?… अहो संभाजीराव, तुम्ही होय. क्षणभर मला वाटलं, आमचे आबाच. कालव्यापलीकडून अश्शीच हाक मारायचे, "मंदेऽ, भाकरी आण गंऽ…" तेव्हा कर्वेनगरात सोसायट्या कुठल्या, सगळी ज्वारी. हाक कणसांवरून हेलकावत यायची… नाही नाही, बोला खुशाल मोठ्यानं. बरं वाटलं.

काय म्हणता?… या रविवारी येणार नाही?… गुडघा दुखतोय?… मग?… संपलं म्हणजे? काय संपलं?

हो, हो… ऐकतेय… बुधवार पेठेत हमीदभाईंकडे गेला होतात… सगळी रद्दी उपसलीत… अहो, एवढ्या जुन्या वह्या एका बैठकीत बघायच्या म्हणजे डोळे जाणारच… कव्हराच्या घडीतून मिशी दिसते का बघत होतात? आपल्या राहिलेल्या चित्राला कुठली मिशी, वैमानिक बाई ती…

हसलात ना. मग.

चूक आपल्या पुण्यातल्या आयांची. रशियन मासिकांबरोबर एवढी देखणी चित्रं यायची, छातीभर पदकं लावलेले सेनानी, आणि जून आला की त्यांचीच कव्हरं मुलांच्या वह्यांना, खळीनं चिकटवून. चित्र आत, कोरी बाजू बाहेर. मी वर्गात वह्या तपासायचे, तेव्हा मला काय माहीत, अख्खी फौज माझ्या टेबलावर पालथी पडलीय ते.

हं… हं… संचातल्या अठरांपैकी सतरा झाली, अठरावं काही मिळत नाही, म्हणून नादच सोडायचा?… आणि नाशिकला?… लेकीकडे?… कायमचे?

…

नाही, काही पडलं नाही. पातेलं खाली ठेवलं.

हेमा बोलावतेय ते खरंच आहे… हो, खडकीचं घर एकट्याला मोठं… इथं दुसरं काय उरलंय, म्हणता… तिकीट काढलंत?… अजून नाही. बरं.

अहो, पण ऐका ना. आपलं पहिलं चित्र, तो मार्शल आठवतो? तुम्ही घरी कुकरच्या शिटीवर धरला होतात. अर्धी मिशी शिटीबरोबर गेली. उरलेला मार्शल घेऊन माझ्या दारात, "बाई, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला खळ सोडवता येत असेल…" अहो, शाळेत हे कुठं शिकवतात? आईनं शिकवलं. पातेल्यात पाणी, मंद आच, वरून ओल्या फडक्याची ऊब, नि कागदाला घाई नाही करायची… मार्शलवर रचलेलं गाणं? आता नको… बरं, म्हणते.

'मिशीला पीळ गं, छातीवर तारा,
पातेल्यापुढं याचा उतरला तोरा.'

हसा, हसा. चार वर्षं दर रविवारी हसताय.

संभाजीराव… बसलाय का उभे आहात?… मग बसा आधी.

ती बाई माझ्याकडे आहे… वैमानिक हो, दुसरी कुठली? कपाटात, आईच्या नऊवारीच्या घडीत… दोन वर्षं झाली. तुम्हाला ताप होता त्या रविवारी. चौथीच्या भूगोलाच्या वहीवर मिळाली. एकटीनंच सोडवली… नाही, फाटली नाही. कोपरा जरा दुमडलाय, एवढंच…

रागवा. रागवायलाच हवं… हमीदभाईंना? हो, ठाऊक होतं. वही त्यांच्याकडचीच. मीच गप्प राहा म्हणाले होते. म्हणून तर दर खेपेला तुम्हाला चहा पाजत होते बिचारे…

का म्हणजे?… आता का काय विचारता… विसरले होते… नाही, खोटं आहे ते. मागची खळ पुसायची राहिली होती… तेही खोटंच.

अहो, अठरा झाली असती, तर माझ्या स्वयंपाकघरात तुमचं काय काम उरलं असतं? म्हणून दडवली. आणि आता ती मिळत नाही म्हणून तुम्ही निघालात. म्हणजे मीच घालवतेय तुम्हाला.

हॅलो?… आहात ना?… बोलू नका, नुसतं ऐका. मला दुसऱ्यांदा सांगता यायचं नाही. चित्र तुमचं आहे, येऊन घेऊन जा. नाशिकला जायचं तर अठराही बांधून देते, वर ओला खाऊ नाही, कोरडाच देते, कागदाला डाग नको. पण मला विचाराल, तर तुम्ही जाऊ नये. मला रविवारची सवय झालीय… नाही, सवय नव्हे.

मला तुम्ही आवडता, संभाजीराव.

ठेवते.