धवलीचं डिझेल जातं कुठे

...आणि वर तो मलाच विचारतो, "भाऊजी, अजून ही विकली नाहीत?" हा म्हणजे माझा मेव्हणा, मितेश. छोटी नवी गाडी घेतल्यापासून याला दुसरा विषयच नाही हो. बारशाला भेटला तरी अ‍ॅव्हरेज, दहाव्याला भेटला तरी अ‍ॅव्हरेज. सगळे तिकडे कावळ्याची वाट बघतायत, कावळा काही शिवत नाही, आणि हा माझ्या कानात, "भाऊजी, माझी बावीस देते, तुमची?" आता काय सांगू याला... तुम्हाला सांगतो, गाडी जुनी झाली ना, की ऐकून घ्यावं लागतं.

आमची गाडी म्हणजे ती मोठी, डिझेलवाली, मागे समोरासमोर बाकडी असलेली. दोन हजार एक साली बाबांनी घेतली, तेव्हा आम्ही आमच्या गावी, गव्हाणला राहायचो. पांढरी शुभ्र, म्हणून आईने नाव ठेवलं धवली. दारात आली तेव्हा आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि सवयीने भाकरीचा तुकडा तिच्या तोंडापुढे धरला. यात नऊ माणसं बसतात असं कंपनी सांगायची. कंपनीला गव्हाण कुठे माहीत? उरणला हळदीला निघालो की पाटावरवंट्यासकट बायका मागे, पुरुष मधे, पोरं ज्याच्या-त्याच्या मांडीवर, आणि क्रिकेटची मॅच असली की अख्खी टीम, वर आपलाच अंपायर. अडलेली बाळंतीण नेली, सासरी निघालेल्या मुली नेल्या, रडणाऱ्या आयांना परत आणलं. तेव्हा कुणी विचारलं का हो अ‍ॅव्हरेज किती? तेव्हा लोक विचारायचे, जागा आहे का. आणि जागा असायचीच.

पुढे आई गेली, भावाभावांत घर वाटलं गेलं, तिथे बिल्डिंग उभी राहिली, आणि मी बाबांना घेऊन खांदा कॉलनीत फ्लॅटवर आलो. धवली पण आली. आता फ्लॅटमधे ना, माणसाला जागा नसते तर गाडीला कुठली, ती बिचारी गल्लीत कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी. मी पोर्टावर नोकरीला, ऑफिसची बस येते, म्हणजे धवली निघणार फक्त रविवारी, मटणाला नाहीतर सासुरवाडीला. बाबांचे गुडघे गेलेले, क्लच दाबवत नाही, ते काही चालवत नाहीत. आणि तरी गेल्या वर्षापासून, म्हणजे दोन हजार अकरापासून, टाकी भरावी, की आठवड्यात काटा आडवा. डिझेल जातं कुठे?

मग झाले सुरू सल्ले. पनवेलच्या तक्का भागातल्या गॅरेजवाल्याने पानाची पिंक टाकून सांगितलं, "एअर फिल्टर." बदलला. मग म्हणाला, "नोझल." साफ केले. मग म्हणाला, "ब्रेक चिकटतोय." सोडवला. शेवटी म्हणाला, "साहेब, वय झालं हो तिचं." हे सांगायला इतकं उघडलंस होय रे तिला? मितेश म्हणाला, "हवा चेक करा, ओझं काढा, कॅरिअर काढा, वारा अडतो त्याला." हवा भरली. डिकी रिकामी केली, त्यात काय नव्हतं... दोरखंड, चटई, मेलेली बॅटरी, आणि चाकाला लावायचा एक दगड. दगड, अहो. दहा वर्षं मी धवलीला एक दगड पोसायला लावला. कॅरिअर काढायला निघालो तर बाबा खाली उतरून आले, काठी टेकून उभे राहिले, म्हणाले, "यावर तुझ्या बहिणीचं कपाट गेलं रं सासरी." एवढंच बोलले. मी काढलं तरी. भंगारवाला घेऊन गेला तेव्हा बाबा खिडकीत नव्हते.

गाडी तरंगायला लागली हो. साठच्या वर न्यायचो नाही, एसी बंद, बायको, किशोरी, बाजूला पदराने वारा घेतेय, म्हणते, "यापेक्षा मला चालत सोडा." आणि एवढं करून काटा? आडवा. गाडी जुनी झाली ना, की ऐकून घ्यावं लागतं, पण ती सांगतेय काय ते तर कळू दे.

त्यात आणखी एक. धवलीत मासळीचा वास यायला लागला. आम्ही दोन-दोन महिने मासळी गाडीतून आणली नव्हती. सुगंधी डबी टांगली, तर बोंबील गुलाबात शिजवल्यासारखा वास. किशोरी माझ्याकडे संशयाने बघायची, मी गॅरेजवाल्याकडे. मग मला वाटलं, कुणीतरी डिझेल काढतंय. टाकीला कुलूप लावलं. वॉचमनला विचारलं, दिवसा गाडीजवळ कोणी येतं का, कोणी चालवतं का. तो शांतपणे म्हणाला, "नाही साहेब, गाडी तर जागची हलत नाही." खोटं नव्हता बोलत हो. तेच तर वाईट.

एक दिवस पोर्टावर काम बंद झालं, भर दुपारी घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकला. धवलीचा आवाज मी झोपेत ओळखीन. बघतो तर भिंतीला टेकून उभी, काचा वर, इंजिन सुरू, खाली एसीचं पाणी टपटपतंय आणि सगळं अंग थरथरतंय. चोर, दुसरं काय. धावत जाऊन काचेला नाक लावलं...

ड्रायव्हरच्या सीटवर बाबा. दोन्ही हात स्टेअरिंगवर. बाजूला काळूराम काका, गव्हाणचे आमचे शेजारी, तेही आता मुलाकडे नवीन पनवेलात असतात. मधल्या सीटवर दाजी. दाजी म्हणजे बाबांचे मेव्हणे, तेही गव्हाणचेच, आता इकडेच असतात, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही डोळे गेलेले, हल्ली आजची गोष्ट उद्या आठवत नाही. आणि मागच्या बाकड्यावर गुणाबाई, उरणची कोळीण, जिने जन्मभर आम्हाला गव्हाणला मासळी घातली आणि आता कॉलनीत विकते. पायाशी पाटी. म्हणजे बोंबील कळला.

मी दार उघडलं. बाबा म्हणाले, "लाव ते दार, वारा जातो." मी आत वाकून चावीला हात घातला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. या वयात एवढी पकड... अगदी हळू आवाजात म्हणाले, "बंद नको करू. दाजीला वाटतं गव्हाणला चाललोय. इंजिन थांबलं की उतराया बघतो, आन खाली उतरलं की रडतो, माझं घर कुठं हाय म्हणून."

मागून दाजी म्हणाले, "कोन चढला रं?"

"जगन हाय," काळूराम काका म्हणाले.

"कुठं जायचं त्याला?"

दार लावलं. मी मागे जाऊन गुणाबाईच्या समोर बसलो. म्हटलं, "गव्हाणलाच, दाजी." गुणाबाईने पाटी पायाने सरकवून जागा केली. काळूराम काका खिडकीबाहेर, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीकडे बघत सांगत होते, "हं, आता मिठागरं लागली... आता तळं आलं बग... पोरं डुंबतात." आणि एसीचा वारा तोंडावर घेत दाजी हसत होते. "काशिराम," ते बाबांना म्हणाले, "जरा हळू घे, तळ्यापाशी म्हशी असतात." बाबांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि उभी गाडी हळू केली.

रात्रभर विचार केला. म्हटलं, आपण मुलगे आहोत की कोण? रविवारी चौघांना बसवलं आणि खरोखरच गव्हाणला नेलं. डौलात नेलं हो, टॉप गिअरमधे, एकसारखी, त्या दिवशी धवलीने काय अ‍ॅव्हरेज दिलं असेल, मितेशने हात जोडले असते. घराच्या जागी उभी केली. दाजींना हाताला धरून उतरवलं. त्यांनी पायाने चाचपलं, खाली गुळगुळीत पेव्हर ब्लॉक. हात लांब केला, तर आमच्या ओट्याच्या जागी कुणाच्या तरी गाळ्याचं शटर. वर कुठेतरी मिक्सर फिरत होता. थोडा वेळ मान कलती करून ऐकत राहिले. मग माझा हात सोडून बाबांचा धरला, आणि कानाशी जाऊन बोलले, पण ऐकू मला आलं.

"काशिराम, पोरगा चुकला. आपलं गाव ह्ये नाय. उद्या तूच ने."

परत निघालो. गाडीत चढताना गुणाबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला, "मनाला नको लावून घेव, तुला रस्ता नाय म्हाईत."

आता काय करणार... सोमवारी सकाळी पंपावर गेलो, टाकी फुल्ल केली, चावी बाबांच्या उशाशी ठेवली आणि बस पकडली. संध्याकाळी घरी आलो तर बाबा चहा पीत बसले होते. मी बूट काढता काढता विचारलं, "पोचलात का वेळेवर?"

"पोचलो," ते म्हणाले, "पन रस्त्यात म्हशी लय होत्या."