दर शनिवारी मरणारा टोपीवाला

...तर म्हणे टीव्ही बंद कर. का बंद करू? तुम्हाला सांगतो, माझा थोरला भाऊ, अण्णा, जाऊन आठवडा झाला न्हाय, नळदुर्गात हायवेला आमचं पंक्चरचं दुकान, मागं दोन खोल्या, तिथं सतरंजीवर भेटायला आलेली माणसं बसलेली, आन् मी लावला टीव्ही. शनिवार दुपार, जुन्या इंग्लिश पिक्चरची येळ. आई गेल्यावर आमाला जिनं वाढवलं ती तारामती आत्या पदर सावरत म्हणते, "इंद्र्या, सुतक हाय घरात. लोक तोंडात शेण घालतील. बंद कर ते."

म्हणलं, आत्या, तुम्ही काय बी म्हणा, मी टीव्ही बंद करणार न्हाय.

आता तुम्ही म्हणाल, पोराला लाज हाय का. न्हाय. कशाची लाज? अण्णाला इंग्लिश येत नव्हतं, मला तर शाळेनं लवकरच सोडलं. पण अण्णा टीव्हीचा आवाज बंद करायचा आन् सगळ्यांचं स्वतः बोलायचा. हॉलिवूडचा एक उंच हिरो, तिरकी टोपी, तोंडात सिगरेट, त्याला आमी टोपीवालाच म्हणायचो. समोर मॅडम, रेशमी झगा, डोळ्यांत पाणी. टोपीवाला जवळ जाणार, हनुवटी धरणार, आन् अण्णा जाड आवाजात, "शेळ्यांना पाणी पाजलं का गं?" मॅडम मान फिरवणार, अण्णा बारीक आवाजात, "मीच पाजू व्हय? तुमचे हात काय परंड्याच्या किल्ल्यात अडकलेत?" ट्रकवाले टायर विसरायचे. हैदराबादचा माल आमच्या दारात नासायचा...

आन् शेवटी टोपीवाल्याला गोळी लागायची. मी बारका होतो, रडायचो. अण्णा म्हणायचा, "येडा हाईस का? पुढच्या शनिवारी बघ." आन् पुढच्या शनिवारी टोपीवाला घोड्यावर. मॅडम दुसरी, टोपी तीच. "मेल्ता का?" अण्णा विचारायचा. न्हाय, मी म्हणायचो.

तो खरा माणूस कधीचा वर गेलाय, तरी दर शनिवारी आमच्या घरात फिरतो, त्याला कुणी सुतक सांगत न्हाय. आन् माझा अण्णा जॅक लावता लावता छाती धरून बसला तो उठलाच न्हाय, त्याला एक शनिवार मिळू नये? मी टीव्ही बंद करणार न्हाय.

शेजारचे बब्रुवान काका म्हणले, "अरं, निदान आवाज तरी बंद कर."

केला. अण्णा तरी काय येगळं करायचा?

पण मग काय झालं, टोपीवाला तोंड हलवतोय, मॅडम तोंड हलवतीया, आन् खोलीत कुणाचाच आवाज न्हाय. सगळी माणसं अण्णाच्या रिकाम्या खुर्चीकडं बघाय लागली. मला ते सोसंना. तोंड उघडलं, जाड आवाज काढला, "काय गं, शेळ्या..." आवाज फाटला. परत काढला. "शेळ्या कुठं हायत?" बब्रुवान काका खोकले. खोकला नव्हता तो, तुम्हाला सांगतो, हसू होतं. आत्यानं भिंतीकडं तोंड केलं. म्हणलं करू दे. मी मॅडमचं बोललो, पोलिसाचं बोललो, घोड्याचं बी बोललो.

मग आली ती गोळी. टोपीवाला पायरीवर पडला, मॅडम वाकली, तोंड उघडलं तिनं... आन् लाइट गेली.

म्हणलं, "घ्या आत्या. मी न्हाय केला, आपोआप पडला बंद."

भिंतीकडनं आवाज आला, "टीव्ही बंद पडला. तुला काय झालं? ती बाई काय म्हणली त्याला?"

बारीक आवाजात म्हणलं, "ती म्हणली... उठा की, किती झोपताय. गिऱ्हाईक थांबलंय दारात."

"मग?"

"मग पुढच्या शनिवारी, आत्या."

"शनिवार कुणी बघितलाय? आत्ता उठव त्याला."

लाइट अजून आली न्हाय, माणसं हलंनात, घसा बसलाय माझा. टीव्ही बंद कर म्हणणारी बाई, तुम्हाला सांगतो, आता मला बंद होऊ देत न्हाय.